स्लाइडच्या कडेची पेशी

दुखत होते हात, आणि डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो सांगितला हातांबरोबर पायांचाही. मी म्हटलं, "सर, पायांना काही झालेलं नाही माझ्या. दिवसभर उभी असते मी." ते म्हणाले, "असू दे. काढून आणा, मग बोलू."

तो फोटो मी अजून जपून ठेवलाय. उजव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी, बोटाचं हाड तळपायाच्या हाडाला मिळतं तिथं, बाहेरच्या बाजूची कड गुळगुळीत हवी. ती तशी नव्हती. उंदरानं भाकरीची कड कुरतडावी तसा ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा तुकडा तिथून गेलेला होता. डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक त्यावर टेकवलं. "हे हाड गेलंय. दुखलं नाही, तरी गेलंय. पुष्कळदा पहिला खड्डा इथंच दिसतो, म्हणून पाय बघायचे."

मी कोल्हापुरात राजारामपुरीत एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा, करून २००० साली कामाला लागले. रोज सकाळी सातपासून रक्त काढायचं, ट्यूब लावायच्या, स्लाइड बघायच्या. आरए फॅक्टर, सीआरपी, ईएसआर हे आमवाताच्या आणि दाहाच्या तपासण्यांचे रिपोर्ट हजारो माणसांचे केले असतील. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला की मनात येई, बिचारीचे सांधे धरले. त्यापुढे कधी गेले नाही. सांधा सुजतो, सुजला की दुखतो, औषधानं सूज उतरते, एवढंच डोक्यात. हाड खातं कोण आणि त्याला तिथं बोलावतं कोण, हे माझ्या स्वतःच्या हाडाला खड्डा पडेपर्यंत मी कधी विचारलंच नव्हतं.

सुरुवात झाली २०१६ च्या डिसेंबरात. जांभळ्या बुचाची ट्यूब उघडायला अंगठा आणि दोन बोटांचा नेमका जोर लागतो. त्या थंडीत सकाळच्या पहिल्या पाच-सहा ट्यूबची बुचं माझ्याकडून निघेनात. कळंब्याच्या घरून निघताना गरम पाण्यात हात बुडवून जायची. दहा वाजले की बोटं सुटायची, म्हणून थंडीचंच असेल असं धरून चालले. मग कुकरचं झाकण, ब्लाऊजचे हुक, पोरीची वेणी. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, कणीक मळताना माझ्याकडं बघत असायच्या. एक दिवस त्यांनी परातच ओढून घेतली. "सर तू. मी करतो. हाताचं काय झालंय ते दाखवून ये आधी."

दाखवायला गेले ते भलत्याच ठिकाणी. शहराबाहेर एका जागी पुड्या मिळतात, आठवड्यात गुण येतो, असं कुणीतरी सांगितलं. सात पुड्या, सकाळी अनशापोटी. तिसऱ्या दिवशी बुचं पटापट निघाली. मला रडू आलं, इतका आनंद झाला. पाच महिने घेतल्या. चेहरा गोल झाला, उपाशीपोटीची साखर १३८ वर गेली. ती साखर मीच मशीनवर लावली होती, रिपोर्ट मीच वाचला, आणि तरी पुडीत काय असेल हे स्वतःला विचारलं नाही. गुण येत असला की माणूस विचारत नाही. पुड्या थांबवल्या तसे दोन्ही मनगटं आणि मधल्या बोटांचे सांधे दुपटीनं सुजले. पुढं डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे स्टिरॉइडशिवाय दुसरं काही नसणार. स्टिरॉइड वाईटच असतं असं नाही. किती, किती दिवस आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे ज्याला माहीत नाही त्यानं ते घेणं वाईट. चौदा महिने माझे असे गेले, आणि या दुखण्यात पहिले महिनेच सगळ्यांत मोलाचे असतात.

२०१८ च्या फेब्रुवारीत माझं रक्त मी आमच्याच लॅबमध्ये दिलं. ईएसआर ७८. वेस्टरग्रेनच्या नळीत तासाभरात लाल पेशी ७८ मिलिमीटर खाली बसल्या. अंगात दाह असला की यकृत रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं जास्त सोडतं, लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन लवकर बसतात. सीआरपीही वाढलेला, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (याच दुखण्यात सापडणाऱ्या अँटीबॉडी) दोन्ही पॉझिटिव्ह. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडं आमवात म्हणतात तो.

त्या दुपारी गर्दी ओसरल्यावर मी माझ्या रक्ताची स्लाइड केली. एक थेंब, दुसऱ्या काचेनं ओढलेला पातळ पदर, लिशमनचा रंग, मग पाणी. वाळल्यावर ऑइल घालून शंभराच्या लेन्सखाली धरली. मोनोसाइट, म्हणजे एका जातीची पांढरी पेशी, शोधायची असेल तर पदराच्या कडेला आणि शेपटीला बघायचं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. मोठी पेशी असल्यानं ती ओढली जाऊन तिकडं जाते. मिळाली. राखी-निळसर, धुरकट पोटाची, आत राजम्याच्या दाण्यासारख्या आकाराचं, मध्ये दुमडलेलं केंद्रक, पोटात दोन-तीन बारीक फुगे. आसपासच्या लाल पेशींच्या दुपटीहून मोठी. शंभरात नऊ निघाल्या. नऊ म्हणजे फार नव्हे, त्या आकड्यावरून काही ठरतही नाही. पण मी तिच्याकडं खूप वेळ बघत राहिले, कारण आदल्या रात्री माझ्या भाचीनं मला एक गोष्ट सांगितली होती.

भाची तेव्हा शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करत होती. माझा फोटो उजेडाला धरून ती म्हणाली, "मावशी, हा खड्डा करणारी पेशी हाडातली न्हवं. रक्तातनं आलेली हाय."

त्या पेशीचं नाव ऑस्टिओक्लास्ट. तशी ती आपली शत्रू नाही. जुनी भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी सुटलेला गिलावा खरवडून काढतो, मगच नवा धरतो. हाडाचंही तसंच चालतं. ऑस्टिओक्लास्ट झिजलेलं हाड विरघळवते, मागून ऑस्टिओब्लास्ट येऊन नवं भरते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. खरवडायचं काम दोन-चार आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र महिने लागतात. खरवडणारे हात वाढले की भिंत का पातळ होते, ते यातच आलं.

ही पेशी येते कुठून, यावर शास्त्रज्ञांचा वाद पुष्कळ वर्षं चालला होता. काहींना वाटे ती हाडाच्याच कुळातली. मग १९७० च्या दशकात डोनाल्ड वॉकर यांनी एक प्रयोग केला. काही उंदरांना जन्मतः असा आजार असतो की त्यांच्या हाडांचं खरवडणं होतच नाही, हाडं दगडासारखी भरीव होतात, मज्जेला जागा राहत नाही. अशा उंदराला निरोगी उंदराच्या अंगाशी जोडून दोघांचं रक्त एक केलं, तेव्हा आजारी उंदराची हाडं पोकळ होऊ लागली. पुढं निरोगी उंदराची मज्जा आणि प्लीहेतल्या पेशी देऊनही तेच घडलं. म्हणजे खरवडणारा रक्तातून आला होता. मोनोसाइट जिथून निघते त्याच वंशातून. दोन-चार नव्हे, कितीतरी पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी पेशी होते, तिच्या पोटात पाच, दहा, कधी वीस केंद्रकं असतात. ती हाडाला तोंड लावून कडेनं घट्ट चिकटते, खालच्या बंद जागेत आम्ल सोडून कॅल्शियम विरघळवते, आणि उरलेला चिवट भाग कॅथेप्सिन-के नावाच्या विकरानं तोडते.

म्हणून मी त्या स्लाइडकडं बघत राहिले. गेली अठरा वर्षं मी जी पेशी मोजत होते, काउंटरचं बटण दाबून पुढं जात होते, तिचीच बहीण माझ्या करंगळीत बसून हाड खात होती.

पण रक्तातल्या मोनोसाइट सगळ्यांच्याच असतात. त्या सगळ्यांच्या सांध्यात शिरून हाड खात नाहीत. भाचीनं कोल्हापूरच्याच भाषेत सांगितलं: "तालमीत आलेलं पोरगं कुठल्या वस्तादाच्या हाताखाली जातंय, त्यावर त्याचं पुढचं ठरतं. तीच पेशी जंतू गिळणारी मॅक्रोफेज हुईल, न्हाईतर ऑस्टिओक्लास्ट. तिच्यापाशी निरोप कुठला आला, त्यावर हाय सगळं."

हे निरोप म्हणजे सायटोकाइन. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना पाठवतात ती बारीक प्रथिनं. प्रतिकारशक्तीचे निरोप हाडापर्यंत पोचतात याचा पहिला सुगावा १९७२ साली लागला. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचेत चेतवल्या आणि त्यांच्या भोवतालचं द्रावण उंदराच्या गर्भाच्या हाडावर घातलं, तर हाडातून कॅल्शियम सुटू लागलं. त्या द्रावणात काहीतरी होतं. त्यातला मुख्य निरोप म्हणजे इंटरल्यूकिन-१, हे १९८५ साली कळलं.

आणि मग १९९७-९८. हा भाग मला सगळ्यांत आवडतो, भाचीला दोनदा सांगायला लावला. हाडांचा अभ्यास करणारे आणि प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारे वेगवेगळ्या खोल्यांत बसून वेगवेगळं काहीतरी शोधत होते, आणि सगळ्यांच्या हाती एकच रेणू लागला. ज्याला त्याला आपलं नाव दिल्यामुळं त्याला चार नावं पडली. आज रँक-लिगँड म्हणतात. ऑस्टिओक्लास्ट व्हायला दोन निरोप लागतात. पहिला एम-सीएसएफ, तो कोवळ्या पेशीला जगवतो, वाढवतो. दुसरा रँक-लिगँड. तो पेशीवरच्या रँक नावाच्या कुलपात बसला की पेशीचं नशीब फिरतं. त्याला आवरायला शरीरातच ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं प्रथिन असतं. ते रँक-लिगँडला वाटेतच धरून ठेवतं, कुलपापर्यंत जाऊ देत नाही. निरोगी हाडात या दोघांचं माप बरोबर असतं. रँक-लिगँड हाडातल्या पेशी करतात हे समजण्यासारखं आहे. पण चेतवलेल्या टी-पेशीही तो करतात, हे १९९९ साली उंदरांच्या सांध्यांत दाखवलं गेलं. जंतूंशी लढायला ठेवलेली पेशी हाड खाणाऱ्याला आवतण देते. २००० साली या अभ्यासाला ऑस्टिओइम्युनॉलॉजी हे नाव मिळालं.

माझ्या सांध्यात काय चाललं होतं ते मग उलगडलं. सांध्याच्या आतल्या अस्तरात दाह धुमसत होता. तिथल्या मॅक्रोफेज टीएनएफ नावाचा निरोप सोडतात. टीएनएफ अस्तराच्या पेशींना रँक-लिगँड करायला लावतो. शिवाय ज्या कोवळ्या पेशींना रँक-लिगँडचा थोडासा जरी वास लागलाय, त्यांना तो थेट पुढं ढकलतो. इंटरल्यूकिन-१, ६ आणि १७ हेही त्याच बाजूचे. इंटरल्यूकिन-६ तर माझ्या रोजच्या ओळखीचा निघाला. सीआरपी यकृतात बनतो तो मुख्यतः त्याच्याच हुकमानं. म्हणजे सीआरपीचा आकडा छापताना मी एका परीनं त्याचीच सावली मोजत होते. आणि अँटी-सीसीपी? या जातीच्या अँटीबॉडी थेट ऑस्टिओक्लास्टच्या पूर्वज पेशींना चिकटून त्यांना चेतवू शकतात, असं २०१२ साली दिसून आलं. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणून जे मी छापत होते, तेही गप्प बसणारं नव्हतं.

सगळेच निरोप हाडाविरुद्ध नसतात. टी-पेशी गॅमा इंटरफेरॉनही सोडतात. रँकचा निरोप पेशीच्या आत नेणारं ट्राफ-६ नावाचं प्रथिन असतं, गॅमा इंटरफेरॉन त्यालाच मोडीत काढायला लावतो. इंटरल्यूकिन-४ आणि १० हेही आवर घालतात. भाचीनं एक दिवस पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातला २००३ चा एक शोधनिबंध आणला. इंटरल्यूकिन-३ कोवळ्या पेशीवर थेट काम करतो आणि तिला ऑस्टिओक्लास्टच्या वाटेवरून काढून मॅक्रोफेजच्या वाटेला लावतो, आणि ती मग परत फिरत नाही, असं त्यात दाखवलं होतं. निबंधातलं निम्मं मला कळलं नाही. पण हे काम आमच्यापासून चार-पाच तासांवर, पुण्यात झालंय हे वाचून मला फार बरं वाटलं. ते औषध म्हणून मिळत नाही, मी विचारलं डॉक्टरांना.

डॉक्टरांनी मात्र मला एक गोष्ट सांगितली, जी मी कधी विसरणार नाही. काही उंदीर असे तयार केले होते की त्यांच्यात ऑस्टिओक्लास्ट बनतच नव्हत्या. त्यांना सांधेदाह दिला. सांधे सुजले, चांगलेच सुजले. पण हाडाला खड्डा पडला नाही. "म्हणजे सूज आणि खड्डा या दोन गोष्टी आहेत," ते म्हणाले. "निरोप एक, काम करणारे दोन. दुखणं थांबलं म्हणून खड्डा थांबला असं धरू नका. दर वर्षी फोटो काढायचा."

औषध सुरू झालं मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदा. हे मला ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं. रोज नाही, आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. मी रविवार ठरवला, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दुसऱ्या दिवशी. सोमवारी मळमळ असायची, ऊसाचा रसही नकोसा वाटे. महिन्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि यकृताच्या चाचण्या मीच माझ्या लावायची. सहा महिन्यांत बोटं पुष्कळ सैल झाली. आत्तींनी परात परत दिली.

२०१९ च्या जानेवारीत वर्षाचा फोटो काढला. पायातला खड्डा वाढलेला, आणि डाव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी नवा. मी डॉक्टरांसमोर गप्प बसून राहिले. माझं दुखणं निम्म्याहून कमी झालं होतं. त्या निम्म्या उरलेल्या धुगधुगीतच ते काम चालू होतं. त्यांनी उंदरांची गोष्ट का सांगितली होती, ते तेव्हा कळलं.

पुढची पायरी टीएनएफला धरणारं इंजेक्शन. अ‍ॅडालिमुमॅब, ४० मिलिग्रॅम, दर पंधरा दिवसांनी पोटाच्या कातडीखाली. त्याआधी टीबीची तपासणी, आणि इथं मी अडकले. मँटू टेस्ट १४ मिलिमीटर उठली. आम्ही लॅबवाले, थुंकीच्या स्लाइड रंगवत उमेद गेली, कधी लागण झाली असेल कोण जाणे. जंतू आत झोपलेले, आजार नव्हता. पण त्यांना गाठीत कोंडून ठेवायचं काम टीएनएफच करतो. त्यालाच धरून ठेवलं तर कोंडलेले बाहेर पडणार. जो निरोप माझ्या हाडावर उठला होता, तोच मला टीबीपासून वाचवत होता. त्याच्याबद्दल माझ्या मनात नुसता राग होता, तो त्या दिवशी थोडा निवला. आयसोनियाझिड सुरू केलं, सोबत बी-६, आणि महिन्याभरानं इंजेक्शन. मेथोट्रेक्सेट आणि आयसोनियाझिड दोन्ही यकृतावर भार टाकणारी, त्यामुळं यकृताच्या चाचणीतला एसजीपीटीचा आकडा मशीनवर उमटेपर्यंत श्वास धरून बसायची.

पैशांचं सांगते. इंजेक्शनचा महिन्याचा खर्च माझ्या पगाराइतका होता. आमच्या लग्नातल्या पाटल्या माझ्या सुजलेल्या मनगटावरून वर्षभर चढल्याच नव्हत्या. ह्यांना घेऊन गुजरीत गेले आणि मोडल्या. सराफानं तराजूत टाकल्या तेव्हा ह्यांनी तोंड फिरवलं. मला तेवढं वाईट वाटलं नाही. हात राहिले तर पाटल्या होतील.

मे महिन्यात पहिलं इंजेक्शन घेतलं. दुसऱ्यांच्या शिरेत सुई घालणारी मी, स्वतःच्या पोटाची चिमट धरून टोचताना हात थरथरला. तिसऱ्या डोसनंतर एका सकाळी लॅबमध्ये सलग चाळीस बुचं काढली आणि एकेचाळिसाव्याला लक्षात आलं की मी गरम पाण्यात हात बुडवायला विसरले होते.

मग ऑगस्ट आला. २०१९ चा. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नरला होड्या फिरत होत्या. शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला तसं कोल्हापूर बेट झालं. दूध नाही, पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही. माझं पुढचं इंजेक्शन वरून येणाऱ्या गाडीत, बर्फाच्या खोक्यात, महामार्गाच्या पलीकडं. ते दोन ते आठ अंशांतच ठेवायचं असतं, गाडी किती दिवस उभी राहिली याचा हिशोब कोण देणार? लोकांची घरंदारं पाण्यात होती, माझ्या इंजेक्शनचं कुणाला सांगायचं, म्हणून मी गप्प राहिले. लॅबमध्ये छावणीतल्या माणसांचं रक्त येत होतं, काविळीची, तापाची. अकरा दिवस उशीर झाला. आठव्या दिवशी सकाळी तर्जनी पुन्हा दुमडेना. त्या खड्ड्याच्याच सांध्यातली. औषधानं निरोप पुसला नव्हता, वाटेत अडवून ठेवला होता. पहारा ढिला पडला की निरोप पोचतोच, हे मी माझ्या बोटात बघितलं. दुकानदारानं अडकलेलं खोकं परत पाठवलं आणि नवं मागवलं. त्यानं ते मला खपवलं असतं तर मला कळलंही नसतं. त्याचे उपकार मी मानते.

२०२० च्या फेब्रुवारीतला फोटो मी डॉक्टरांकडं जायच्या आधीच खिडकीशी धरला. जुना दुसऱ्या हातात. करंगळीचा खड्डा तेवढाच. तर्जनीचाही तेवढाच. आणि करंगळीच्या खड्ड्याच्या काठाला पहिल्यांदाच एक पांढरी बारीक रेघ. डॉक्टर म्हणाले, काठ पक्का होतोय. गेलेलं हाड बहुतेक परत येत नाही, पण गवंड्यानं निदान उघडी कड लिंपली. मी तो फोटो भाचीला पाठवला. तिनं फोन केला आणि आम्ही दोघी काहीच न बोलता थोडा वेळ फोन धरून राहिलो.

हाडांची घनता मोजणारं डेक्सा स्कॅन मधल्या काळात झालं. कण्याचा टी-स्कोअर उणे २.१. उणे २.५ ला हाडं ठिसूळ म्हणतात, मी उंबरठ्यावर. आजार, पुड्या आणि पाळी लवकर जाणं, तिघांनी मिळून केलेलं. त्यासाठी आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी. ती हाडात जाऊन बसते, ऑस्टिओक्लास्ट हाड खाताना ती गिळते आणि निकामी होते. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात मी कळंब्याच्या तलावापर्यंत चालून येते. रँक-लिगँडलाच धरणारं डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शनही आहे. आमवातात ते खड्डे वाढायचे थांबवतं, सूज-दुखणं मात्र त्यानं कमी होत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला पुन्हा ते उंदीर आठवले. सध्या मला त्याची गरज नाही.

आता इंजेक्शन तीन आठवड्यांनी केलंय. लॅबमध्ये एक सवय लागली. रक्त काढताना पट्टा बांधला की आम्ही म्हणतो, मूठ आवळा. गेल्या आठवड्यात पाचगावकडची एक बाई आली होती, पस्तिशीची असेल, सोबत सासू. मी पट्टा बांधला, म्हटलं, "मूठ आवळा, वहिनी."

तिनं बोटं मिटायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर थांबली. "सकाळचं न्हाई हो मिटत. दुपारी मिटतंय."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासनं."

"कुठल्या पुड्या-बिड्या घेताय?"

तिनं सासूकडं बघितलं. सासूनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मी सुई काढली, कापूस दाबून धरला, आणि पुढच्या पेशंटला थोडं थांबायला सांगून दोघींना आतल्या बाकावर बसवलं.